बैल थांबला की बंडी का थांबते?



वसंत व्याख्यानमाला ही पुण्याकडची चाल. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली ती पाडली. तिकडच्या वसंतात सायंकाळी वारा तरी सुटत असावा. आपल्या वर्ध्याचा वसंत कसा असतो हे मी आपल्याला सांगण्याचे कारण नाही. दिवसभर भाजून निघालेल्या अंगणात पाणी शिंपडून, हातात पंखे घेऊन आपण बसला आहात, आणि चालकांनी मला विषय दिला आहे ‘बल आणि गती’. हे ऐकून माझ्या एका स्नेह्याने विचारले, “परीक्षा तर मार्चातच आटोपल्या, मग हे आता कोणासाठी?” त्यांना मी उत्तर दिले नाही. ते आज येथे आले आहेत असे दिसते. तेव्हा उत्तर आता द्यावेच लागेल.

आरंभ न्यूटनपासून करण्याऐवजी मी नंदीपासून करतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे तान्हा पोळा भरतो. सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा तर नावाजलेला. तेथले लाकडी नंदी माणसाहून उंच असतात. पण मला हवा आहे तो वीतभर उंचीचा, चार चाकांचा, गळ्यात दोरी बांधलेला नंदी. पाच वर्षांचे मूल तो ओढीत निघते तेव्हा नीट पाहावे. आरंभी मूल उत्साहाने एकदम हिसका देते. दोरी ताणली जाते, नंदी जागचा हलायला कुरकुरतो, आणि हिसका फारच जोराचा असेल तर दोरी तुटते किंवा नंदी मागे कलंडतो. पुढे गुळगुळीत फरशी लागली की दोरी सैल पडते. मुलाला ओढतो आहोत असे वाटतही नाही. मग समोर फुगेवाला दिसतो. मूल थबकते. नंदी मात्र थबकत नाही. तो तसाच येतो आणि मुलाच्या टाचेवर आदळतो. मूल रागाने मागे वळून पाहते, जणू नंदीने मुद्दाम शिंग मारले.

गतिशास्त्राचा पहिला नियम तो एवढाच. स्थिर असलेली वस्तू आपण होऊन हलत नाही. आणि चालती असलेली वस्तू आपण होऊन थांबत नाही, वळतही नाही. काही बदल घडवायचा असेल तर बाहेरून बल लावावे लागते. वस्तूच्या या हटवादीपणाला आपण जडत्व म्हणतो. न्यूटनने १६८७ साली आपल्या ग्रंथात हा नियम सर्वांत आधी मांडला, आणि तेव्हापासून शाळेत तो पाठ करून घेण्याची रीत आहे.

मीही पाठ करून घेतला. मी या जिल्ह्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवीत असे. एके दिवशी मी फळ्यावर हा नियम लिहिला आणि मुलांकडून तीनदा म्हणवून घेतला. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. त्याच्या घरी बंडी होती. कापूस बाजारात न्यायचा तर तोही वडिलांबरोबर बंडीवर जात असे. तो म्हणाला, “गुरुजी, बैल थांबला का बंडी थांबते. मंग पुस्तकातलं खरं कसं जी?”

मी काय करावे? मी म्हणालो, “परीक्षेत असे लिहिशील तर शून्य मिळेल.” वर्ग हसला. मुलगा खाली बसला, आणि त्यानंतर त्याने माझ्या तासाला प्रश्न विचारला नाही.

त्या दिवशी माझ्या हातून काय घडले हे मला पुष्कळ उशिरा उमगले. तो मुलगा ढ नव्हता. ग्रीसमधला ॲरिस्टॉटल जे सांगून गेला, आणि युरोपातल्या विद्वानांनी जवळजवळ दोन हजार वर्षे जे मानले, तेच तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहून सांगत होता: ओढणारा आहे तोवर गती आहे, ओढणारा थांबला की गती सरली. बंडीवर बसून पाहिले तर दुसरे काही दिसतच नाही. आपल्याकडे कणादाच्या वैशेषिक सूत्रांत बाणाचा विचार आहे. धनुष्याच्या रेट्याने बाणाला पहिली गती मिळते, पुढे बाणातला संस्कार त्याला नेतो, आणि तो संस्कार सरला की गुरुत्वामुळे बाण पडतो. विचार मोठ्या तोलाचा आहे. पण येथेही गती टिकवायला आतून काहीतरी कारण लागते, आणि ते कारण खर्ची पडते. न्यूटनचे सारे आमच्या पूर्वजांना ठाऊक होते असे व्यासपीठावरून सांगणारे वक्ते असतात. त्यांनी ती सूत्रे एकदा शांतपणे वाचावीत. कणादाची थोरवी त्याने प्रश्न विचारला यात आहे, आणि ती पुरेशी आहे.

तेव्हा आज मी त्या मुलाला उत्तर देणार आहे. आपण ते ऐकावे.

बंडीवर एक टन कापूस लादला आहे असे धरू. आषाढात पाऊस पडून गेला आहे आणि बंडी काळ्या मातीच्या शेतातून काढायची आहे. चाके वीतभर रुततात. बैलांना दीडशे-दोनशे किलो वजन उचलण्याइतका जोर लावावा लागतो. तीच बंडी सुकलेल्या खडीच्या रस्त्यावर आणली की पन्नास किलोंच्या आसपास काम भागते. लोखंडी धावेचे चाक काढून रबरी टायरचे बसवा आणि डांबरी रस्त्यावर या. आता पंधरा-वीस किलो पुरे. आणि तोच एक टन रेल्वेच्या रुळांवरील डब्यात घाला. एकदा डबा हलला की सपाटीवर तीन-चार किलोंचा जोर लागतो. हे आकडे ढोबळ आहेत, रस्त्यागणिक बदलतील. पण उतरंड हीच राहील. म्हणून तर १९१७ साली पुलगाव ते आर्वी अशी लहानशी रेल्वे कापसासाठी घातली गेली. ती आता बंद पडली आहे, पण बैलाच्या मानेवरचे ओझे रुळावर नेले की काय फरक पडतो हे तिने या जिल्ह्याला अनेक वर्षे दाखविले.

आता यातली मौज पाहा. कापूस तोच, एक टनच. मग बैलांचा जोर कमी कमी कसा होत गेला? कारण तो जोर कापसाला पुढे नेण्यात खर्च होतच नव्हता. तो चिखलाशी, खडीशी, आसाशी भांडण्यात जात होता. गुंडात वंगण नसेल तर कोस-दोन कोस गेल्यावर आसाला हात लावून पाहावा, चटका बसतो. बैलांच्या पेंढीचा आणि सरकीचा काही भाग त्या चटक्यात गेलेला असतो. गॅलिलिओने इटलीत उतरत्या फळीवरून गोळे सोडून हाच विचार केला. फळी जितकी गुळगुळीत तितका गोळा दूर जातो. मग घर्षण मुळीच उरले नाही तर? तर त्याने थांबावेच कशासाठी?

म्हणजे बाळ, तुझे पाहणे खरे होते. बैल थांबला की बंडी थांबते. पण बैल थांबला म्हणून ती थांबत नाही. रस्ता तिला थांबवतो. रस्ता तर ती चालत असतानाही तिला थांबवीतच होता. तो दर पावलाला जेवढे काढून घेत होता तेवढे बैल दर पावलाला भरून देत होते. देणारा थांबला, घेणारा थांबला नाही, म्हणून खाते रिकामे झाले. एका संथ चालीने जाणाऱ्या बंडीवर पुढचा ओढा आणि मागचा अडथळा अगदी सारखे असतात, बेरीज शून्य. आणि बेरीज शून्य म्हणूनच तिची चाल बदलत नाही. ज्या बंडीने तू न्यूटनला खोटे पाडायला निघालास, तीच त्याची साक्षीदार आहे.

हे दोन मिनिटांचे उत्तर मला त्या दिवशी आले नाही, कारण नियम मला पाठ होता.

घर्षण इतके वाईट असेल तर ते मुळीच नसावे, असे मात्र कोणी म्हणू नये. येथे तिसरा नियम आडवा येतो. बैल बंडीला जितक्या जोराने पुढे ओढतो, तितक्याच जोराने बंडी बैलाला मागे ओढते. एक तीळ कमी नाही की जास्त नाही. मग ही दोघे पुढे जातातच कशी? हा प्रश्न मी अनेक पदवीधरांना विचारला आहे आणि गंमत पाहिली आहे. उत्तर बैलाच्या खुरात आहे. बैल खुराने जमीन मागे रेटतो आणि जमीन त्याला पुढे रेटते. बंडीने मागे ओढलेल्यापेक्षा जमिनीने पुढे रेटलेले थोडे जास्त झाले की जोडी निघाली. बैलाला पुढे ढकलणारी खरोखर जमीन आहे. म्हणून तर ओल्या काळ्या मातीत दांडगी जोडीही हताश होते. बैलांच्या अंगातला जोर कोठे गेलेला नसतो. खुराखालची माती सरकते, ती उलट रेटाच देत नाही. अशा वेळी बैलांना पराणी टोचणारा माणूस चुकीच्या जागी टोचत असतो. खुराखाली पऱ्हाट्या टाकाव्यात, दगड टाकावेत. बैल तेच, बंडी तीच, आणि ती निघते. बैल मुका, म्हणून नियमाचे अज्ञान त्याच्या पाठीवर उमटते.

यंत्राकडून लोक काय अपेक्षा करतात त्याविषयीही थोडे बोलले पाहिजे. आणि वर्ध्यात यंत्र म्हटले की चरखा. १९२९ साली अखिल भारत चरखा संघाने एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. असा चरखा करून दाखवावा की जो हाताने किंवा पायाने चालेल, खेड्यातल्या बाईला आठ तास फारसे न थकता चालविता येईल, आठ तासांत १२ ते २० नंबरचे १६,००० फूट सूत देईल, आणि किंमत दीडशे रुपयांवर जाणार नाही. अटी वाचताना साध्या वाटतात. जरा हिशेब मांडू. आठ तासांत १६,००० फूट म्हणजे मिनिटाला तेहतीस फूट, म्हणजे चारशे इंच. दर इंचाला सुमारे पंधरा पीळ धरले, तर एकट्या चातीला मिनिटाला सहा हजार फेरे घ्यावे लागतील, आणि हे सारे एका बाईच्या हाताच्या जोरावर, दिवसभर!

मोठ्या चाकावरून लहान चातीवर दोरी नेली की फेरे वाढतात हे खरे. येरवड्याच्या तुरुंगात सिद्ध झालेल्या पेटीचरख्यात दोन चाके आहेत ती याचसाठी; पहिल्याने दसपट, दुसऱ्याने आणखी दसपट अशी वाढ केली, तर हाताच्या एका फेऱ्यात चातीचे शंभर होतात. पण फेरे शंभरपट झाले की चातीच्या अंगचा जोर शंभराव्या भागावर येतो. अंतरात मिळविले ते बलात गेले. पीळ घालायला जोर थोडाच लागतो, म्हणून हा सौदा परवडतो; परंतु मग चातीच्या टेकूपाशी जरासे घर्षणही सहन होत नाही. कातणारी बाई तेथे तेलाचा थेंब सोडते ती उगीच नाही. मगन चरख्यात वेगळी युक्ती आहे: दोन चाती, आणि चाक पायाने चालवायचे, म्हणजे दोन्ही हात धागा काढायला मोकळे. ज्या मगनलाल गांधींच्या नावाने हा चरखा आहे, त्यांच्याच नावाचे मगन संग्रहालय आपल्या गावात ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते उघडले. तेथे जाऊन हे चरखे फिरवून पाहावेत. चाक सोडून दिल्यावर ते किती वेळ फिरत राहते एवढे जरी मोजले तरी एक तास सत्कारणी लागेल.

ते लाखाचे बक्षीस कोणालाच मिळाले नाही. माझ्या मते त्यात कारागिरांना कमीपणा नाही. माणसाच्या अंगातून दिवसभरात जेवढे काम निघते, त्याहून अधिक कोणतेही चाक देऊ शकत नाही. यंत्र फक्त गळती कमी करते आणि हाताचा जोर हव्या त्या रूपात बदलून देते. ‘बिनखर्चाने चालणारे’ मोटारपंप आणि गाड्या काढल्याचे सांगत पैसे गोळा करणारे लोक अजूनही गावोगाव भेटतात. त्यांना एकच विचारावे, खात्यात जमा कोणी केली?

आता मी ज्यासाठी हा विषय घेतला तिकडे येतो. बैल आणि चरखे यांच्या गोष्टी ऐकायला गोड वाटतात, कारण त्यांचा वेग थोडा आहे. थोड्या वेगात जडत्वाशी आपली मैत्री असते. बंडी ताशी चार किलोमीटरने जाते. ती एकदम अडली आणि आपण पुढे आपटलो, तर तो मार किती? सहा सेंटिमीटर उंचीवरून पडल्याइतका. म्हणून बंडीत झोपलेल्या मुलाला काही होत नाही. आता ताशी चाळीस किलोमीटर घ्या. ही चाल तर गावातल्या गावात फटफटीवर असते. वेग दसपट झाला, पण मार दसपट होत नाही. तो वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे शंभरपट. सहा मीटरांहून अधिक उंची झाली. दुमजली घराच्या गच्चीवरून पडणे झाले. ताशी साठला चौदा मीटर, चार मजले. ताशी एकशेवीसला सत्तावन्न मीटर. तेवढ्या उंचीचे घर मला आपल्या गावात माहीत नाही.

एकशेवीस हा आकडा मी हवेतून घेतलेला नाही. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, आणि मोटारींना तेथे ताशी १२० ची मुभा आहे. बंडीला आणि दुचाकीला मज्जाव आहे, हे शहाणपणाचे. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर साठच्या वेगात ब्रेक दाबला तर गाडी सुमारे वीस मीटरांत उभी राहते. एकशेवीसला सुमारे ऐंशी मीटर लागतात. शिवाय डोळ्याने पाहून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातो, तेवढ्यात गाडी आणखी तेहतीस मीटर गेलेली असते. पुढच्या ट्रकमागे तीस मीटरांवर राहून एकशेवीसने जाणारे सद्गृहस्थ देवावर हवाला ठेवून जात असतात. ते देवाला काय सांगतात ते त्यांनाच ठाऊक.

आणि गाडी थांबली म्हणजे माणूस थांबला असे नाही. तान्ह्या पोळ्याच्या मुलाप्रमाणे गाडी थबकते. आतला माणूस नंदी असतो. तो त्याच वेगाने पुढे जातच राहतो, समोरच्या काचेपर्यंत. मागच्या बाकावरचा पुढच्याच्या पाठीपर्यंत. पट्टा बांधायचा तो यासाठी, आणि मागे बसणाऱ्यानेही बांधायचा तो यासाठी. पट्टा काय करतो? आपल्यापैकी ज्यांचे बालपण कापसाच्या घरात गेले त्यांना आठवत असेल, दिवाळीनंतर खोली कापसाने भरली की माळ्यावरून त्या ढिगात उड्या मारायच्या. माळा तेवढाच उंच, अंगही तेवढेच, जमिनीपाशी येणारा वेगही तेवढाच. शहाबादी फरशीवर तीच उडी घेतली असती तर पाय मोडला असता. फरशी एका क्षणात थांबवते, कापूस हळूहळू थांबवतो. काढून घ्यायची गती दोन्हीकडे सारखीच. ती किती वेळात काढून घेतली यावर बल ठरते. दुसरा नियम तो हाच, आणि घरात वेचणीचा कापूस ज्याने पाहिला आहे त्याला तो सूत्रावाचून कळतो. पट्टा थोडा ताणतो. शिरस्त्राणाच्या आतला जाड थर दबतो. तेवढ्याच सेकंदाच्या अंशावर माणूस वाचतो किंवा जातो. आज रूढ असलेला तीन ठिकाणी अडकणारा पट्टा १९५९ साली स्वीडनमधल्या नील्स बोलिन या अभियंत्याने केला. त्याने कापसाची खोली पाहिली नसावी, पण त्याने काढून दिली ती तीच गोष्ट.

माझे स्नेही विचारीत होते, परीक्षा कोणाची. रस्त्यावर कोणी पेपर वाटत नाही, आणि उत्तर चुकले तर वर्ग हसतही नाही.

गेल्या तान्ह्या पोळ्याची गोष्ट सांगतो आणि आपली रजा घेतो. मी चौकात उभा होतो. एक गृहस्थ फटफटीवरून आले. पुढे टाकीवर चार-पाच वर्षांचा मुलगा, नवा सदरा, टोपी. आणि त्याच्याही पुढे, हँडलला टेकवून, रंगविलेला नंदी. मुलाने दोन्ही हातांनी तो धरलेला. कोपऱ्यावरून एक कुत्रे आडवे आले आणि वडिलांनी ब्रेक दाबला. वेग फार नव्हता. मुलगा पुढे गेला, पण बापाचे दोन दंड दोन्ही बाजूंना होते, त्यांत तो अडकला. नंदीला कोणी अडविले नाही. तो मुलाच्या हातांतून सुटला, हँडलवरून पलीकडे गेला आणि आठ-दहा हात लांब रस्त्यावर जाऊन पडला. मुलगा रडू लागला. बापाने गाडी उभी केली, नंदी उचलून आणला, सदऱ्याच्या बाहीने पुसला. एक शिंग मोडले होते. त्याने ते शिंग खिशात ठेवले, नंदी मागे कॅरियरला दोरीने नीट बांधला, आणि मुलाला पुन्हा टाकीवर पुढे बसविले.